अंतर एक, वेळा दोन : विमानप्रवासाच्या गणकाच्या नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

काम ठरलं. दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ सांगणारा गणक तयार करायचा. असे गणक पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची रीत एकच : सरळ अंतर काढायचं, ताशी आठशे-नऊशे किलोमीटरनं भागायचं, वर अर्धा तास घालायचा आणि उत्तर मिनिटापर्यंत छापून मोकळं व्हायचं. न्यूयॉर्कहून लंडनला जा नाहीतर लंडनहून न्यूयॉर्कला, उत्तर तेच. प्रत्यक्षात वेळापत्रकात या दोन दिशांमध्ये तासाभराचा फरक असतो आणि तो वर्षानुवर्षं असतो. माहीत असलेली गोष्ट उत्तरातून गाळायची, हे मला पटत नाही. म्हणून प्रकल्पाची अट पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते : अंतराला एक आकडा, वेळेला दोन, आणि तेही ‘इतके ते इतके’ अशा पट्ट्यात.

चाचणीच्या जोड्या मुद्दाम वेगवेगळ्या स्वभावाच्या घेतल्या. न्यूयॉर्कचा जेएफके ते लंडनचा हीथ्रो, कारण या मार्गाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलं आहे. जेएफके ते लॉस एंजेलिस, कारण अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांची खरी नोंद सगळ्यांना खुली आहे. सिंगापूर ते जेएफके, आजच्या नियमित विनाथांबा मार्गांमधला सगळ्यात लांब, १५,३४९ किलोमीटर. आणि स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, सगळ्यात आखूड : २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. जो गणक या शेवटच्या जोडीला ‘अर्धा तास’ सांगेल त्याच्या मुळाशी काय आहे ते लगेच उघड होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

विमानतळांची यादी ‘अवरएअरपोर्ट्स’च्या खुल्या संग्रहातून घेतली. अक्षांश, रेखांश, उंची, आयाटाचा (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा) तीन अक्षरी संकेत, इकाओचा (संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेचा) चार अक्षरी संकेत, सगळं एका ओळीत मिळतं. विमानतळ म्हणजे काही एक बिंदू नव्हे. मोठे विमानतळ कित्येक किलोमीटर पसरलेले असतात. पण प्रत्येकाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवलेला असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ, आणि अंतर तिथून तिथपर्यंत मोजतात. लांबच्या प्रवासात एवढ्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते संकेत जागा बदलतात तेव्हा. इस्तंबूलचा ‘आयएसटी’ ६ एप्रिल २०१९ पर्यंत अतातुर्क विमानतळाचा होता. त्या दिवशी तो नव्या विमानतळाकडे गेला आणि अतातुर्कला ‘आयएसएल’ मिळाला. दोन जागांमध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर. हाँगकाँगचा ‘एचकेजी’ जुलै १९९८ मध्ये काई टाकहून चेक लॅप कॉकला गेला. बँकॉकचा ‘बीकेके’ २००६ मध्ये डॉन मुआंगकडून सुवर्णभूमीकडे. म्हणजे जुन्या उड्डाणांची नोंद तपासायची असेल तर नुसता संकेत पुरत नाही, तारीखही लागते. यादीत ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने वाढवले.

शहराचे संकेत वेगळे ठेवले. ‘एलओएन’ म्हणजे सगळं लंडन, त्यात हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड वगैरे सगळे. कुणी शहराचं नाव टाकलं तर गणक आपल्या मनानं विमानतळ निवडणार नाही, विचारेल.

मार्गांची जी खुली यादी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते, ती ‘ओपनफ्लाइट्स’ची. तिचा मार्गांचा भाग जून २०१४ नंतर ताजा झालेला नाही. ती घेतली नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज भूमिती. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो. म्हणजे त्या दोन बिंदूंतून आणि गोलाच्या केंद्रातून जाणारा छेद घेतला तर पृष्ठभागावर उमटते ती रेषा. सपाट नकाशावर ती कमानीसारखी वाकलेली दिसते आणि लोकांना विमान उगाच वळसा घेत असल्यासारखं वाटतं.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण न्यूयॉर्क ते माद्रिद. जेएफकेचा अक्षांश ४०.६ अंश उत्तर, माद्रिदचा ४०.५. नकाशावर एकमेकांच्या अगदी समोर. तरीही निघताना नाक नेमकं पूर्वेला न धरता सुमारे ६६ अंशांना, म्हणजे बरंचसं ईशान्येकडे धरावं लागतं, आणि ती रेषा अटलांटिकवर ४६ अंशांच्याही वर जाऊन मग खाली उतरते. तिची लांबी ५,७६० किलोमीटर येते. तेच अक्षांश न सोडता नाकासमोर पूर्वेकडे गेलं तर ५,९३० किलोमीटर. ‘वळसा’ घेऊन १७० किलोमीटर वाचले. हे चित्र गणकाच्या पडद्यावर हवंच.

सूत्र हॅव्हरसाइनचं घेतलं. कोसाइनचा नेहमीचा नियमही हेच उत्तर देतो, पण बिंदू अगदी जवळ असले की कोसाइनची किंमत १ च्या अगदी जवळ जाते आणि संगणकाच्या मर्यादित दशांश स्थळांमध्ये खरा फरक बुडून जातो. हॅव्हरसाइनमध्ये एक वजा कोसाइन, म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिषगणितातली उत्क्रमज्या, तिचं अर्ध घेतात. ते लहान कोनांतही टिकतं. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रेसाठी मला नेमकं हेच हवं आहे.

जेएफके ते हीथ्रो : त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून ५,५४० किलोमीटर.

रविवार, ९ फेब्रुवारी

पण पृथ्वी नीट गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५६.८, एकवीस किलोमीटरांचा फरक. ही चपटी आकृती धरून तीच जोडी मोजली तर सुमारे ५,५५५ किलोमीटर येतात. म्हणजे दोन प्रतिष्ठित ठिकाणी याच मार्गाचे पंधरा किलोमीटरांनी वेगळे आकडे दिसले तर दोघांनीही हिशेब नीटच केलेला असू शकतो. आकार वेगळा धरला इतकंच.

चपट्या आकारासाठी १९७५ सालची व्हिन्सेंटीची रीत फार वापरली जाते. ती जवळजवळ सगळीकडे उत्तम चालते, पण दोन बिंदू पृथ्वीच्या जवळजवळ उलट बाजूंना आले की तिची पुन्हापुन्हा करायची आकडेमोड कधीकधी थांबतच नाही. २०१३ साली कार्नी यांनी मांडलेली रीत तिथेही अडत नाही, म्हणून आतल्या हिशेबासाठी तीच घेतली.

उंचीचंही पाहून घेतलं. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटरवर उडतं, म्हणजे त्याचं वर्तुळ तेवढं मोठं. जेएफके-हीथ्रोवर हा फरक नऊ-दहा किलोमीटरांचा. इतक्या वेगानं जाताना हे चाळीसेक सेकंद. सोडून दिलं, आणि सोडून दिलं आहे हे माहितीच्या पानावर लिहिलं.

एककं : किलोमीटर, मैल आणि सागरी मैल. सागरी मैल नेमका १,८५२ मीटर. विमानांचं जग त्यातच बोलतं. अमेरिकी सरकारी नोंदींमध्ये मात्र जमिनीवरचा मैल, १.६०९ किलोमीटरांचा. रकान्याचं नाव नुसतं ‘डिस्टन्स’ असतं, म्हणून लक्ष ठेवायला हवं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अंतर झालं, ते सोपंच होतं. आता वेळ. आणि वेळ म्हणजे नेमकी कुठली वेळ, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

विमान कंपन्या चार क्षण नोंदवतात : गेट सोडलं, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, गेटला लागलं. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचा काळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर दिसतो तो हाच. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचा काळ प्रत्यक्ष हवेतला. दोहोंतला फरक म्हणजे धावपट्टीपर्यंत जाणं आणि धावपट्टीवरून परत येणं. हा फरक क्षुल्लक नसतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २००३ साली सुरू झालेली पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की विमान टेकल्यावर गेटपर्यंत यायला दहा ते वीस मिनिटं जातात. त्याच दिवशी वारा फिरला आणि जवळची धावपट्टी मिळाली तर तोच प्रवास तितकाच आखूड.

‘पोचलं’ म्हणजे कधी, यावर न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं २०१४ मध्ये ठरवलं की उशिराच्या भरपाईसाठी पोचण्याची वेळ म्हणजे विमानाचा किमान एक दरवाजा उघडून प्रवाशांना बाहेर पडायची मुभा मिळाली तो क्षण. टेकल्याची वेळ नाही, गेटला लागल्याचीही नाही. प्रवाशाच्या बाजूनं पाहिलं तर हीच व्याख्या खरी वाटते. त्याच २६१/२००४ क्रमांकाच्या नियमात भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरांवर पाडले आहेत आणि अंतर बृहद्वृत्ताच्या रीतीनं मोजावं असं त्यातच लिहिलं आहे. कालपरवाची भूमिती कुणाच्या तरी हक्काशी इतकी थेट जोडलेली आहे, हे कळल्यावर आकड्यांकडे बघायची नजर बदलते. १,५०० च्या आसपासच्या जोड्या वेगळ्या काढून तपासायच्या.

गणक ब्लॉक टाइम दाखवेल आणि त्याखाली हवेतला वेळ. दोन्हींना नाव असेल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वेगाचा नमुना. ‘ताशी ९००’ हा आकडा येतो कुठून ते आधी पाहिलं. जेट विमानांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात सांगतात. साधारण ३५,००० फुटांवर हवा उणे ५४ अंशांची, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६७ किलोमीटरांच्या जवळ. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमानं त्याच्या ०.७८ पटीनं जातात, म्हणजे सुमारे ८३०. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० साधारण ०.८५ पटीनं, म्हणजे ९०५. जेएफके-हीथ्रोच्या अंतरावर एवढ्यानंच अर्ध्या तासाचा फरक पडतो. त्यामुळे विमानाची जात विचारणं भाग आहे. न सांगितल्यास लांब पल्ल्याला दुसरा गट, जवळच्याला पहिला.

हा वेग मिळतो तो फक्त वरच्या टप्प्यात. अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरांची मर्यादा असते. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं. उतरण्यासाठी वैमानिकांचा ठोकताळा दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून खाली यायला १०५ सागरी मैल, साधारण १९५ किलोमीटर आधीपासून उतार सुरू होतो. तीन-चारशे किलोमीटरांच्या प्रवासात विमान एक तर चढत असतं नाहीतर उतरत असतं, वर नीट स्थिरावतच नाही. म्हणून सरासरी वेग अंतराबरोबर वाढतो आणि एका आकड्यानं भागणं आखूड मार्गांवर सगळ्यात जास्त फसतं. नमुना तीन तुकड्यांचा केला : चढ, सपाटी, उतार. सपाटी शून्यावर आली तर वरची उंची आपोआप कमी होते. वेस्ट्रेसाठी मात्र हाही नमुना लागू नाही, तिथे जेट नाहीच; छोटं पंख्याचं आयलँडर विमान आहे. पन्नास किलोमीटरांखाली गणक अंतर सांगेल आणि वेळेसाठी वेळापत्रक पाहायला सांगेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

वारा. ज्याच्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला तो भाग.

पडद्याचं काम बघणाऱ्या सहकाऱ्यानं सकाळी विचारलं, “पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो तो पृथ्वी फिरते म्हणूनच ना?” प्रश्न फार जणांना पडतो, म्हणून उत्तर इथे सविस्तर. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. पृथ्वी नुसती खालून सरकत असती तर पश्चिमेकडे जाणाऱ्याचा फायदा झाला असता, जे दिसतं त्याच्या नेमकं उलट. फरक पडतो तो हवा जमिनीच्याही पुढे धावते म्हणून. मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे असतात. विषुववृत्ताकडची हवा उबदार, ध्रुवाकडची थंड. या तफावतीतून ते जन्मतात आणि हिवाळ्यात तफावत वाढते तसे जोर धरतात. पृथ्वीचं फिरणं यात येतं ते वाऱ्याला वळवण्यापुरतं.

या वाऱ्यांचं मोजमाप पहिल्यांदा नीट केलं जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. त्यांनी निष्कर्ष एस्परांतो भाषेत छापले, जगभर वाचले जावेत म्हणून, आणि फार थोड्यांनी वाचले. इतक्या काळजीनं केलेलं काम वीसेक वर्षं दुर्लक्षित राहिलं, याची आज पुन्हा चुटपुट लागली.

वाऱ्याचं गणित सोपं आहे पण मनाला चटकन पटत नाही. ५,४०० किलोमीटर, वेग ९००. वारा नसेल तर जायला सहा तास, यायला सहा, एकूण बारा. आता ताशी १०० किलोमीटरांचा वारा धरा : पाठीशी असताना ५ तास २४ मिनिटं, समोरून असताना ६ तास ४५ मिनिटं. बेरीज १२ तास ९ मिनिटं. वारा १५० केला तर बेरीज १२ तास २१ मिनिटं. जाताना मिळालेलं येताना पुरतं फिटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो. त्याच वाटेनं जाऊन-येऊन पाहिलं तर स्थिर वारा नेहमी एकूण वेळ वाढवतोच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच धागा पुढे नेला आहे : हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अटलांटिकवरचे जेट वारे बळावतील, पूर्वेकडचा प्रवास आखूड होईल, पश्चिमेकडचा लांबेल आणि दोन्ही मिळून वेळ वाढेल.

टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. किआरा वादळाच्या दिवसांत एक बोइंग ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. सरासरी काढली तर जमिनीच्या हिशेबानं ताशी ११०० किलोमीटरांच्या वर, म्हणजे त्या उंचीवरच्या ध्वनीच्या वेगापेक्षाही जास्त. तरी विमानानं ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. ते आपल्या भोवतालच्या हवेत नेहमीच्याच वेगानं जात होतं, हवाच धावत होती. खरोखर ध्वनीला मागे टाकणाऱ्या काँकर्डनं हाच मार्ग ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत केला होता.

गणकात वाऱ्याचे आकडे युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए५ संग्रहातून, २५० हेक्टोपास्कल इतका हवेचा दाब असलेल्या थरावरचे, महिन्याच्या सरासरीनं घेतले. हा थर साधारण ३४,००० फुटांवर येतो. मार्गाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर वाऱ्याचा पाठीचा भाग आणि आडवा भाग वेगळा काढायचा. आडवा वाराही फुकट जात नाही; त्याला तोंड द्यायला विमान तिरकं धरावं लागतं आणि थोडा वेग त्यात खर्च होतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कालपर्यंतचा हिशेब विमान बृहद्वृत्तावरूनच जातं असं धरून होता. विमान तसं जात नाही. यावर आठवडाभर काम चाललं असतं तरी कमीच.

पहिलं कारण वाराच. कमीत कमी वेळाची वाट ही कमीत कमी अंतराची वाट नसते. वाऱ्यातून सगळ्यात लवकर कसं पोचावं हा प्रश्न झर्मेलो या गणितज्ञानं १९३१ साली मांडून सोडवला होता. उत्तर अटलांटिकवर रोज दोनदा वाऱ्यानुसार नवे मार्ग आखले जातात, पूर्वेकडचे जेटच्या प्रवाहात, पश्चिमेकडचे त्याला टाळून. म्हणून बृहद्वृत्तावरची सरासरी हवा धरणारा नमुना पूर्वेकडचा फायदाही कमी दाखवतो आणि पश्चिमेकडचा तोटा जास्त. उपाय : बृहद्वृत्ताच्या दोन्ही बाजूंना सरकवलेल्या वाटा घेऊन त्यांतली सगळ्यात जलद निवडायची.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे याचं ठळक उदाहरण. बृहद्वृत्तानं सुमारे १२,४०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं ही फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट १५,३०० किलोमीटरांची झाली, आधीपेक्षा १,४०० नं लांब, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी उतरून साडेचौदा तासांवर आला. लांबची वाट लवकर पोचवते, हे एका आकड्यानं भागणाऱ्या कुठल्याही गणकाला सांगताच येणार नाही.

सिंगापूर-जेएफकेमध्ये तर आमच्या पहिल्या अटीलाच अपवाद सापडला. ही दोन ठिकाणं पृथ्वीवर एकमेकांपासून इतकी दूर आहेत की बृहद्वृत्त ध्रुवाजवळून जातं आणि पूर्वेकडून जा नाहीतर पश्चिमेकडून, वळसा फारसा वाढत नाही. त्यामुळे विमान बऱ्याचदा जाताना पॅसिफिकवरून पूर्वेकडे जातं आणि येताना अटलांटिक-युरोपवरून, तेही पूर्वेकडेच. दोन्ही वेळा वारा पाठीशी. वेळापत्रकातही दोन्ही दिशांना पावणेएकोणीस तासांच्या आसपासच वेळ आहे. गणकाला दोन वेगळे आकडे दाखवायची सक्ती करायची नाही. दोन स्वतंत्र हिशेब करायचे, मग ते जुळले तर जुळू देत.

दुसरं कारण जमीन. तिबेटच्या पठारावरून वर्दळ विरळ असते, कारण केबिनमधला दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे जमीनच त्याच्या वर आहे. तिसरं कारण समुद्र : दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ जवळ ठेवावा लागतो. सिडनी ते सान्तियागो किंवा जोहान्सबर्ग या मार्गांची सरळ रेषा अंटार्क्टिकाच्या दिशेनं इतकी खाली जाते की तिथे हा नियम जाणवतो.

चौथं कारण माणसांचं आणि सगळ्यात क्लेशाचं. २०२२ साली युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश अनेक कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी आहेत, अंतर तेच. म्हणून गणकात ‘बंद आकाश’ हा नकाशाचा वेगळा थर केला, तारखेसकट.

ज्यांना एवढ्या खोलात जायचं नसतं ते ठोक भर घालतात. इकाओच्या कार्बन गणकात ५५० किलोमीटरांखालच्या मार्गाला ५० किलोमीटर, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ अशी भर आहे. युरोपच्या उत्सर्जन व्यापारात सरसकट ९५. जिथे आमच्याकडे बाकी माहिती नसेल तिथे इकाओची भर वापरायची.

सोमवार, १० मार्च

काल अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली. युरोपात ३० तारखेला जातील. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पाच तासांऐवजी चार तासांचं अंतर. लंडनहून सकाळी दहाला निघालेलं आठ तासांचं उड्डाण एरवी स्थानिक वेळेनुसार दुपारी एकला पोचतं. या आठवड्यांत दोनला. ज्या गणकात ‘न्यूयॉर्क उणे पाच’ असा पक्का आकडा भरलेला आहे, तो आत्ता चुकतो आहे.

म्हणून विमानतळाबरोबर तासांचा आकडा साठवायचाच नाही. वेळेच्या पट्ट्याचं नाव साठवायचं आणि त्या तारखेला तिथे काय लागू आहे ते आंतरराष्ट्रीय टाइमझोन संग्रहातून घ्यायचं. आतला सगळा हिशेब यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, स्थानिक वेळ फक्त दाखवताना. काठमांडू ५ तास ४५ मिनिटं पुढे, म्हणजे अर्ध्या तासाचे पट्टे धरूनही भागत नाही.

वाररेषेची चाचणी सामोआवर घेतली. सामोआनं ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळला आणि रेषेच्या पलीकडे उडी मारली. शेजारचं अमेरिकन सामोआ अलीकडे राहिलं. आज आपिया आणि पागो पागो यांच्यात नेमका चोवीस तासांचा फरक आहे आणि विमानाचा प्रवास पाऊण तासाचाही नाही. आपियाहून मंगळवारी सकाळी निघालेला पागो पागोला सोमवारी सकाळी पोचतो, घड्याळात मिनिटांचाच फरक. गणकानं वार बरोबर सांगितला.

सोमवार, १७ मार्च

अमेरिकी वाहतूक सांख्यिकी विभागाच्या नोंदी लावल्या. मोठ्या कंपन्यांच्या १९८७ पासूनच्या देशांतर्गत फेऱ्या. ठरलेला वेळ, प्रत्यक्ष वेळ, आणि १९९५ पासून हवेतला वेळ आणि टॅक्सीची (धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची) मिनिटंही, सगळे वेगळे रकाने. सरकारी खात्यानं जपलेली इतकी बारीक नोंद अशी हातात आली की खरंच कृतज्ञ वाटतं.

जेएफके-लॉस एंजेलिस, २,४७५ मैल. पश्चिमेकडे वेळापत्रकात सहा-सव्वासहा तास, परतताना साडेपाचच्या आत-बाहेर. आमचा नमुना हवेतला वेळ चांगला सांगतो. हिवाळ्यात दोन दिशांमधली दरी रुंदावते तीही दिसते. ब्लॉक टाइममध्ये मात्र तो कमी पडतो, आणि का ते नोंदीच सांगतात. वेळापत्रक हे प्रवासाच्या सरासरीवर बेतलेलं नसतं. मागच्या हंगामातल्या बहुतेक फेऱ्या आत बसाव्यात इतकी जागा कंपन्या ठेवतात, कारण पंधरा मिनिटं किंवा जास्त उशीर झाला की ती फेरी ‘उशिरा’ म्हणून मोजली जाते. म्हणून ‘विमान वीस मिनिटं आधी पोचलं’ ही घोषणा इतक्यांदा ऐकू येते.

तेव्हा पट्टा असा : खालचं टोक दहा टक्के फेऱ्या ज्याच्या आत पोचतात ते, वरचं टोक नव्वद टक्के पोचतात ते, आणि मधे मध्यक, म्हणजे निम्म्या फेऱ्या ज्याच्या आत पोचतात तो आकडा. सरासरी घेतली नाही. धुक्यातली एखादी फेरी तिला ओढून नेते.

शनिवार, २२ मार्च

काल हीथ्रो दिवसभर बंद होता, वीज उपकेंद्राला आग लागल्यामुळे. कित्येक विमानं अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली किंवा भलतीकडे उतरली. गणक कालही शांतपणे ‘पावणेसात ते सव्वासात’ सांगत होता. वळवलेल्या आणि रद्द झालेल्या फेऱ्या मध्यकाच्या हिशेबातून बाहेरच असतात. त्यांना पोचण्याची वेळच नाही. पण त्या होत्या हे उत्तराखाली वेगळ्या ओळीत यावं असं ठरलं : शंभरातल्या किती ठरल्या ठिकाणी पोचल्या. अमेरिकी नोंदींमध्ये त्यासाठी रकाना आहे. बाकीच्या जगासाठी ही ओळ रिकामी राहील.

रविवार, ३० मार्च

पडदा कसा दिसावा यावर आज बराच वेळ गेला. सहकाऱ्याचं म्हणणं, लोकांना एकच आकडा लागतो, पट्टा पाहून ते गोंधळतील. माझं म्हणणं, पुढची फेरी पकडायची असलेल्या माणसाला वरचं टोक हवं असतं, आणि त्याला घ्यायला येणाऱ्याला खालचं. मधला एकच आकडा दोघांनाही अडचणीत टाकतो. अखेर मोठ्या अक्षरांत मध्यक, लगेच खाली दोन्ही टोकं, आणि बाजूला उलट दिशेचं तेच सगळं, दोन स्तंभांत. अंतर दोन्हींच्या वर, एकदाच. मिनिटं पाचाच्या पटीत. त्याहून बारीक अचूकतेचा दावा करायला आमच्याकडे आधार नाही.

लंडनमध्ये आज घड्याळं पुढे गेली, न्यूयॉर्कशी फरक पुन्हा पाच तास. गणकानं आपोआप धरलं.

उरलेलं काम : वारा अजून महिन्याच्या सरासरीचा आहे, निदान दहा दिवसांचा करायचा. दक्षिण गोलार्धातले मार्ग फार कमी तपासलेत; पर्थ-सिडनी आणि जोहान्सबर्ग-पर्थ दोन्हीकडून लावून बघायचे, तिथेही वारा पश्चिमेकडूनच वाहतो पण ऋतू उलटे. आणि १,५०० किलोमीटरांच्या काठावरच्या जोड्यांची वेगळी यादी, गोल पृथ्वीनं आणि चपट्या पृथ्वीनं येणारे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून. ती उद्या सुरू करते.